पाणी मुरत होतं ते कनेक्टरमध्ये

१९८९च्या जुलैमध्ये पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यात जास्त राबलेलं उपकरण म्हणजे सरांच्या मुलीचा हेअर ड्रायर. गुलाबी रंगाचा, दांड्याला चिकटपट्टी लावलेला. त्याचा उल्लेख माझ्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये कुठेही नाही. खरं तर पहिल्या पानावर त्याचेच आभार मानायला हवे होते.

हे आठवायचं कारण माझा भाचा. २०२५च्या ऑगस्टमध्ये त्यानं फोनवर एका नव्या प्रयोगाची बातमी पाठवली आणि खाली लिहिलं, "मावशी, तुझं कोल्ड फ्यूजन परत आलं!" कोल्ड फ्यूजन म्हणजे शीत संलयन: हलक्या अणूंची केंद्रकं प्रचंड उष्णतेशिवाय, टेबलावरच जोडायची. मी एकदा, कधीतरी दिवाळीत, चकल्या तळताना त्याला आमच्या त्या प्रयोगाबद्दल सांगितलं होतं. तेवढ्यावरून ते 'माझं' झालं. मी त्याला दोन ओळींत उत्तर लिहायला बसले, त्याची दोन पानं झाली, म्हणून इथे टाकतेय.

तेव्हा मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. २३ मार्च १९८९ला अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत, युटा विद्यापीठात, मार्टिन फ्लायशमन आणि स्टॅन्ली पॉन्स या दोन रसायनशास्त्रज्ञांनी पत्रकार परिषद घेतली. काचेच्या भांड्यात जड पाणी (ज्यात साध्या हायड्रोजनच्या जागी त्याचा जड भाऊ, ड्युटेरियम असतो), त्यात पॅलेडियम धातूचा एक इलेक्ट्रोड, भोवती प्लॅटिनमची तार, आणि वीज. बस. पॅलेडियममध्ये ड्युटेरियम ठासून भरलं की त्याचं संलयन होतं आणि घातलेल्या विजेपेक्षा जास्त उष्णता बाहेर येते, असा दावा. सूर्याच्या पोटात जे होतं ते टेबलावर, मुरंब्याच्या बरणीएवढ्या भांड्यात.

बातमी आली त्या आठवड्यात आमच्या सरांनी वर्गात ठरलेला धडा घेतलाच नाही. फळ्यावर एवढंच लिहिलं: एक वॅट. आणि म्हणाले, "चला, हिशेब करा." दोन ड्युटेरियम एकत्र आले की साधारण निम्म्या वेळा हीलियम-३ आणि एक न्यूट्रॉन मिळतो, निम्म्या वेळा ट्रिशियम (हायड्रोजनचा आणखी जड, किरणोत्सारी भाऊ) आणि प्रोटॉन. दर खेपेला सरासरी साडेतीन-पावणेचार एमईव्ही ऊर्जा (एमईव्ही हे अणूंच्या जगातलं ऊर्जेचं माप). म्हणजे या वाटेनं एक वॅट उष्णता हवी असेल तर सेकंदाला किती न्यूट्रॉन? दिलीपनं सगळ्यांच्या आधी उत्तर काढलं: जवळजवळ एक लाख कोटी. सरांनी खडू ठेवला, हात झटकले. "आता सांगा, एवढे न्यूट्रॉन सुटत असतील तर भांड्याशेजारी उभा राहून पत्रकारांशी बोलणारा माणूस किती वेळ बोलेल?" तासाभराच्या आत त्याला प्राणघातक मात्रा बसली असती. हा विनोद तेव्हा जगभर फिरत होता हे मला नंतर कळलं. आम्हाला तो सरांचाच वाटला होता.

फ्लायशमन-पॉन्स यांच्या लेखात न्यूट्रॉनचा आकडा होता सेकंदाला ४० हजार. ऐकायला मोठा, पण वॅटभर उष्णतेच्या हिशेबात दोन-अडीच कोटी पटींनी तोकडा. त्यांचं म्हणणं असं, की बहुतेक ऊर्जा दुसऱ्याच कुठल्यातरी अज्ञात अणुप्रक्रियेतून येते, आणि न्यूट्रॉन म्हणजे मागे उरलेला चुरा.

इथून पुढे माझं मत येतं, आणि ते मी छत्तीस वर्षं बदललेलं नाही. उष्णतेवर माणूस जन्मभर वाद घालू शकतो. किती वाफ गेली, किती वायू पुन्हा जुळून पाणी झालं, थर्मामीटर भांड्यात कुठे होता. न्यूट्रॉनला एवढी सूट नाही. त्याच्यावर विद्युतभार नाही, तो काचेतून, पाण्यातून, भिंतीतून बाहेर येतो, आणि तो आला की आला. म्हणून मला तेव्हाही वाटलं आणि आताही वाटतं, की सगळा खटला न्यूट्रॉनच्या साक्षीवर चालवायला हवा होता. पण साक्षीदार तर बोलत नाही. बोलतो त्याचा दुभाषा, म्हणजे काउंटर. आणि काउंटर थापा मारतो.

युटाच्या गॅमा किरणांचंच घ्या. भांडं पाण्याच्या टाकीत ठेवलेलं होतं. न्यूट्रॉन पाण्यात मंदावतो, हायड्रोजन त्याला गिळतो आणि २.२२ एमईव्हीचा एक गॅमा सोडतो. तो गॅमा पकडला की न्यूट्रॉनचा माग लागला. त्यांनी लेखात त्या जागी एक उंच शिखर छापलं. फक्त शिखर. डावीकडचा-उजवीकडचा आलेख कापलेला. आता सोडियम आयोडाइडच्या स्फटिकानं मोजलेला गॅमा एकटा कधीच येत नाही. त्याच्या डाव्या हाताला एक उतार असतो, कॉम्प्टनचा कडा म्हणतात तो, २.२२च्या गॅमासाठी १.९९ एमईव्हीच्या आसपास. यांच्या आलेखात तिथे काही नाही. शिवाय शिखर इतकं सडपातळ, की त्या जातीच्या स्फटिकाला एवढं बारीक दिसणंच शक्य नाही.

एमआयटीचे रिचर्ड पेट्रासो आणि त्यांचे सहकारी यांनी पुढे जे केलं ते मला फार आवडतं. पूर्ण आलेख कुणी देईना, तर त्यांनी सॉल्ट लेक सिटीच्या टीव्ही वाहिनीनं त्या प्रयोगशाळेत केलेलं चित्रीकरण मिळवलं. कॅमेरा खोलीत फिरताना संगणकाच्या पडद्यावरून गेला होता. त्या पडद्यावर सगळा गॅमा आलेख दिसत होता! पोटॅशियम-४० आणि थॅलियम-२०८ या नैसर्गिक किरणोत्सारी अणूंच्या रेषा, ज्या कुठल्याही खोलीत, अगदी तुमच्या स्वयंपाकघरातही असतात, त्या ओळखून त्यांनी मोजपट्टी लावली, आणि ते शिखर २.२२वर नाही तर २.५च्या आसपास बसतं असं दाखवलं. तिथे न्यूट्रॉनचं काही काम नाही. 'नेचर'मध्ये १८ मे १९८९ला ते छापून आलं. दोन महिनेसुद्धा झाले नव्हते.

मला त्या दोघांची बाजू समजते. ते विद्युत-रसायनशास्त्रातले मोठे लोक होते, न्यूट्रॉन मोजणं हा त्यांचा धंदा नव्हता. पण मग शेजारच्या भौतिकशास्त्र विभागात जायचं ना. तो एकाच आवारात होता. (बायका नवीन पाककृती करताना शेजारणीला विचारतात. पुरुषांना रस्ता विचारायचाही कमीपणा वाटतो. असो.)

पन्नास-साठ किलोमीटरवरच्या प्रोव्हो गावात, ब्रिगम यंग विद्यापीठात, स्टीव्हन जोन्स हा भौतिकशास्त्रज्ञ तेच काम फार वेगळ्या बेतानं करत होता. त्याला उष्णतेशी कर्तव्य नव्हतं. ज्वालामुखीच्या वायूंमध्ये हीलियम-३ जास्त का सापडतो, पृथ्वीच्या पोटात मंद संलयन चालतं का, असा त्याचा प्रश्न. म्हणून त्याच्या भांड्यातलं पाणीसुद्धा गरम पाण्याच्या झऱ्यासारखं, नाना क्षार टाकलेलं. त्याच्याकडे न्यूट्रॉनची ऊर्जा मोजणारं उपकरण होतं आणि त्याला २.५ एमईव्हीच्या जागी, म्हणजे या संलयनातल्या न्यूट्रॉनची स्वतःची जी ऊर्जा असते तिथे, थोडासा फुगवटा दिसला. दर: सेकंदाला साधारण ०.४ न्यूट्रॉन. फ्लायशमन-पॉन्सपेक्षा लाखपट कमी. या दोघांचे दावे वर्तमानपत्रांनी एकाच मथळ्याखाली छापले. ते एकमेकांना आधार देत नव्हते. एक दुसऱ्याला खोडत होता.

तर आमचा प्रयोग.

सरांनी विचारलं, "करून बघायचं?" पॅलेडियमची पत्ती रसायनशास्त्र विभागातून आली, करंगळीच्या नखाएवढी, सही करून. जड पाणी एनएमआरवाल्यांच्या, म्हणजे रेणूंची रचना तपासायच्या यंत्रावर काम करणाऱ्यांच्या, छोट्या बाटल्यांमधलं. त्यात लिथियमचा कण टाकून विद्राव केला. प्लॅटिनमची तार सरांच्या स्वतःच्या कपाटातली. आणि काउंटर म्हणजे बोरॉन ट्रायफ्लुओराइड वायू भरलेली हातभर लांबीची पितळी नळी, जिला सगळे नुसतं 'बीएफथ्री' म्हणतात. ती मेणाच्या ठोकळ्यात खुपसलेली. वेगवान न्यूट्रॉन मेणातल्या हायड्रोजनवर आपटत मंदावतात, मग बोरॉन त्यांना पकडतो, फुटतो, आणि नळीतल्या तारेवर विजेचा एक ठोका पडतो. नळीला दीड-दोन हजार व्होल्ट लागतात. ठोका प्रीअँप्लिफायरमधून जाऊन स्केलरवर येतो, लाल आकडा एकानं पुढे सरकतो.

इथे एक गोष्ट नीट सांगते, कारण भाच्यालाही ती फोनवर समजली नाही. स्केलर न्यूट्रॉन मोजत नाही. स्केलर ठोके मोजतो. ठोका न्यूट्रॉनचा आहे, की नळीच्या पितळातल्या युरेनियमच्या कणाचा, की वरच्या मजल्यावर कुणी पंखा बंद केल्याचा, हे त्याला ठाऊक नसतं.

काही न करता, नुसतं बसून, आमच्या नळीत दहा मिनिटांत ४०च्या आसपास ठोके पडायचे. ही आमची पार्श्वभूमी, लॅबच्या भाषेत बॅकग्राउंड. बरेचसे वैश्विक किरणांनी हवेत आणि छतात उधळलेले न्यूट्रॉन. आमची यंत्रणा सुटलेल्या शंभर न्यूट्रॉनपैकी जेमतेम एक पकडायची. तरीही युटाचे ४० हजार खरे असते तर दहा मिनिटांत दोन लाखांवर ठोके पडले असते. स्केलरच्या आकड्यांचा नुसता धूर. तसं पहिल्याच दिवशी झालं नाही. युटाचा निकाल आमच्यापुरता एका संध्याकाळी लागला.

जोन्सचं मात्र अवघड. सेकंदाला ०.४ म्हणजे आमच्या नळीत दहा मिनिटांना दोन-अडीच ठोके. ४०च्या जागी साडेबेचाळीस. चाळिसाला सहाची चढउतार तर नुसत्या नशिबाची असते. म्हणजे वीस-वीस तास मोजून सरासरी काढायची, आणि तेवढा वेळ पार्श्वभूमी जागची हलता कामा नये. पण ती हलते! हवेचा दाब १० मिलिबारनं उतरला तर आकाशातून येणारे न्यूट्रॉन सुमारे ७ टक्क्यांनी वाढतात. सगळी पार्श्वभूमी आकाशातली धरली तर ४०चे ४३. बाहेर ढग दाटले की आपल्या वहीत शीत संलयन. म्हणून दिलीपनं वहीत एक रकाना बॅरोमीटरचाही आखला होता. त्याचं अक्षर सुंदर, माझं गचाळ, म्हणून वही त्याची आणि रात्रपाळी माझी. (मुलीला रात्री लॅबमध्ये थांबायला परवानगी मिळवणं हा वेगळाच प्रयोग. तो सरांच्या बायकोनं यशस्वी केला. त्या स्वतः विणकाम घेऊन येऊन बसायच्या.)

अकराव्या रात्री, जोराचा पाऊस, वीज दोनदा गेली-आली. साडेदहाचं वाचन: ११२.

मी वायर तपासली, पुन्हा दहा मिनिटं लावली. ९५. मग १३०. चाळिसाच्या जागी एकशेतीस म्हणजे नशिबाचा खेळ नव्हे, काहीतरी घडतंय. वहिनींनी विणकाम खाली ठेवलं. त्यांना फिजिक्सचा गंध नव्हता, पण माझा चेहरा पाहून त्यांनी खाली वॉचमनच्या खोलीतून सरांना फोन लावला. सर पावसात स्कूटरवरून आले, रेनकोट न काढताच स्केलरसमोर उभे राहिले. मला अजून आठवतं, त्यांच्या टोपीचं पाणी ठिबकत होतं आणि लाल आकडे पळत होते, आणि आम्हा तिघांपैकी कुणी बोलत नव्हतं. मला त्या पंधरा मिनिटांत सॉल्ट लेक सिटीची ती दोन माणसं पूर्ण कळली. त्या वेळी मला कुणी माइक दिला असता तर मीही बोलले असते.

मग शिवाजीमामा, आमचे लॅब अटेंडंट, चहा घेऊन आले. किटली टेबलावर, नळीच्या मागच्या बाजूला ठेवली. ठोके आणखी वाढले. मामांनी एकदा स्केलरकडे बघितलं, एकदा किटलीकडे. म्हणाले, "ताई, त्या भांड्याची वीज बंद केली तर हे गप बसतंय का बघितलं का?"

नव्हतं बघितलं. सरांनी स्वतः करंट बंद केला. दहा मिनिटं. १०४.

भांडं उचलून शेजारच्या खोलीत नेलं. ११८.

इथे काहीतरी पाणी मुरतंय, असं आपण म्हणतो ना, ते शब्दशः तसंच होतं. नळीच्या शेपटाशी जो हाय व्होल्टेजचा कनेक्टर असतो, त्याच्या आतल्या प्लास्टिकवर दमट हवेचा थर बसला होता. दीड-दोन हजार व्होल्ट त्या थरावरून तडतडत होते आणि प्रत्येक तडतडीला स्केलर इमानदारीत न्यूट्रॉन म्हणून नोंदत होता. दुसऱ्या दिवशी सर हेअर ड्रायर घेऊन आले. कनेक्टर सुकवला: ४३. किटलीची वाफ दिली: ९०. पुन्हा सुकवला: ३८. हे त्यांनी आमच्याकडून दहा वेळा करून घेतलं. त्यानंतर सिलिका जेलची पुरचुंडी बांधली, पण जुलै महिना, दर दोन-तीन दिवसांनी ड्रायर हवाच.

नंतर कळलं की एप्रिलमध्येच अटलांटात, जॉर्जिया टेकमध्ये, याच जातीच्या नळीनं असाच घोळ घातला होता. त्यांनी न्यूट्रॉन सापडल्याची घोषणा केली आणि तीनच दिवसांत मागे घेतली. काउंटर न्यूट्रॉनला नाही, उबेला भुलत होता. त्यांची हसून टर उडवली गेली. मी नाही हसले. त्यांनी तीन दिवसांत जाहीर सांगितलं, यात कमीपणा काय?

त्या रात्रीतली एक गोष्ट मात्र मला अजून छळते. समजा, मामा चहा घेऊन यायला तासभर उशीर झाला असता, तेवढ्यात पाऊस थांबून हवा सुकली असती, आणि आम्ही नेमका तेव्हा करंट बंद केला असता. ठोके खाली आले असते. वहीत दिलीपच्या सुंदर अक्षरात नोंद पडली असती: करंट चालू, १३०. करंट बंद, ४१. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली असती, आणि ती नोंद आयुष्यभर कुणाला खोडता आली नसती. आम्हालाही नाही. पुन्हा केलं तर तसं होत नाही, पण एकदा झालं होतं ना!

या शंकेतूनच मी ट्रॉम्बेकडे बघते.

ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात (बीएआरसी) त्या वर्षी जे झालं ते मराठी वाचकांना फारसं माहीत नाही, याचं मला वाईट वाटतं. तेव्हा संचालक होते पी. के. अय्यंगार. न्यूट्रॉन विकिरणातले जाणकार, तरुणपणी कॅनडात भौतिकशास्त्रज्ञ ब्रॉकहाउस यांच्याबरोबर काम केलेले, पोखरणच्या १९७४च्या चाचणीतले एक प्रमुख. या माणसाला न्यूट्रॉन कसा मोजायचा हे शिकवायची गरज नव्हती. बातमी आल्यावर त्यांनी केंद्रातल्या दहाहून जास्त गटांना कामाला लावलं. त्यातला एक प्रयोग न्यूट्रॉन भौतिकी विभागाच्या एम. श्रीनिवासन यांच्या चमूचा. हायड्रोजन तयार करायचं एक तयार विकाऊ यंत्र, आत पॅलेडियम-चांदीच्या मिश्रधातूच्या नळ्या, त्यात जड पाण्याचा विद्राव. २१ एप्रिल १९८९ला न्यूट्रॉनचा लोंढा आल्याची त्यांची नोंद आहे. म्हणजे युटाच्या पत्रकार परिषदेला महिनाही झाला नव्हता.

आणि त्यांच्याकडे काउंटर एक नव्हता. बीएफथ्रीच्या नळ्या होत्या, आणि शेजारी एक अगदी वेगळ्या तत्त्वावरचा प्लास्टिक सिंटिलेटर (कण आदळला की चमकणारं प्लास्टिक), जो मंद न्यूट्रॉन नाही तर वेगवान न्यूट्रॉनचा धक्का ओळखतो. दोन्ही एकदम वाढले. पार्श्वभूमी बघायला आणखी एक काउंटर दूर ठेवलेला. आमच्या कनेक्टरची ओल सिंटिलेटरला फसवू शकत नाही. म्हणून ज्यांनी ट्रॉम्बेच्या कामाला न वाचता वाटाण्याच्या अक्षता लावल्या, त्यांच्याशी माझं जमत नाही. डिसेंबर १९८९मध्ये त्यांचा अहवाल आला, बीएआरसी-१५०० क्रमांकाचा. सरांना ट्रॉम्बेतल्या एका मित्रानं त्याची झेरॉक्स दिली होती. ती डेक्कन क्वीननं आली आणि आमच्याकडे हातोहात फिरून तिचे कोपरे झडले.

पण त्या अहवालातली गोम न्यूट्रॉनमध्ये नाही, न्यूट्रॉन आणि ट्रिशियमच्या जोडीत आहे. त्यांना विद्रावात ट्रिशियम सापडलं, भरपूर. पाठ्यपुस्तकाप्रमाणे दोन्ही सारख्याच संख्येनं यायला हवेत. त्यांच्या मोजणीत कोटींच्या घरातल्या ट्रिशियम अणूंमागे एक न्यूट्रॉन. अय्यंगार-श्रीनिवासन यांनी हे लपवलं नाही, उलट ठळकपणे मांडलं: धातूच्या आत निराळं काहीतरी घडतंय, ज्यात ट्रिशियमची वाट मोकळी आणि न्यूट्रॉनची जवळजवळ बंद.

सरांनी तो अहवाल खाली ठेवून आम्हाला जो प्रश्न विचारला तो मी पुढे तीस वर्षं माझ्या विद्यार्थ्यांना विचारला. ड्युटेरियमच्या संलयनातून ट्रिशियम जन्मतं ते एक एमईव्हीचा वेग घेऊन. आणि ते जन्मतं कुठे? ड्युटेरियमनं ठासलेल्या धातूत. मग धावता धावता त्यातली लाखात एकदोन तरी एखाद्या ड्युटेरियमवर आदळणार, आणि ती टक्कर १४ एमईव्हीचा न्यूट्रॉन सोडते. म्हणजे न्यूट्रॉनची वाट कितीही बंद करा, ट्रिशियम स्वतःच मागच्या दारानं न्यूट्रॉन सोडतं, लाखामागे एकदोन. कोटींमागे एक असं असेल, तर ते ट्रिशियम जन्मतः थंड होतं असं मानावं लागतं. मग त्याची ऊर्जा गेली कुठे? किंवा ते तिथे जन्मलंच नाही, आधीपासून होतं, बाहेरून आलं. सायरस आणि ध्रुव या जड पाण्यावर चालणाऱ्या अणुभट्ट्यांच्या आवारात ट्रिशियमबद्दल ही शंका येणारच. श्रीनिवासन यांनी ती शेवटपर्यंत अमान्य केली, आधी-नंतरचे नमुने तपासल्याचं सांगितलं. अय्यंगार १९९०मध्ये अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होऊन वर गेले, आणि पुढच्या काही वर्षांत ट्रॉम्बेतलं हे काम विरत गेलं.

माझा कौल? ते प्रामाणिक होते, सावध होते, आणि मला त्यांचा निष्कर्ष पटत नाही. ही तिन्ही वाक्यं एकत्र राहू शकतात. दोन काउंटर एकदम वाढले याचं माझ्याकडे उत्तर नाही. पण 'उत्तर नाही' हा पुरावा नव्हे, आणि ते भांडं हुकमी पुन्हा बोललं नाही.

युटात तर याचा निकाल त्यांच्याच घरात लागला. मायकल सॅलमन हे तिथल्याच भौतिकशास्त्र विभागातले. त्यांनी पॉन्स यांच्याच प्रयोगशाळेत, त्यांच्याच भांड्यांशेजारी काउंटर लावून मे-जून १९८९मध्ये काही आठवडे मोजलं. पार्श्वभूमीपलीकडे काही नाही. मार्च १९९०मध्ये 'नेचर'मध्ये आलं. पॉन्स यांच्या वकिलाकडून सॅलमन यांना धमकीचं पत्र गेलं. मोजणीला वकील उत्तर द्यायला लागला की समजावं.

मधली वर्षं मी सोडून देते. माझं लग्न, साताऱ्यातली नोकरी, बारावीचे पेपर. पण २००९मध्ये परत एकदा कान टवकारले. २३ मार्चलाच, आणि सॉल्ट लेक सिटीतच, बरोबर वीस वर्षांनी, अमेरिकन नौदलाच्या सॅन डिएगोमधल्या प्रयोगशाळेच्या पामेला मोसियर-बॉस यांनी न्यूट्रॉनचा नवा पुरावा मांडला. यात स्केलर नाही, कनेक्टर नाही, मोजायला वीजच नाही. सीआर-३९ नावाचं प्लास्टिक, ज्याची चष्म्याची काच करतात; मी आत्ता लिहिताना तेच लावून बसलेय. कण आत घुसला की प्लास्टिकला जखम होते. मग ते गरम कॉस्टिक सोड्यात तासन्‌तास ठेवलं की जखमेचा खड्डा होतो आणि सूक्ष्मदर्शकात दिसतो. त्यांना काही ठिकाणी तीन खड्डे एका बिंदूतून फुटलेले दिसले, बेलाच्या पानासारखे. त्याचा अर्थ: जोरकस न्यूट्रॉननं प्लास्टिकमधल्या कार्बनचे तीन तुकडे केले. त्याला साडेनऊ एमईव्हीच्या वरचा न्यूट्रॉन लागतो.

वाचून मी उभीच राहिले. हाच तो सरांचा मागच्या दाराचा १४ एमईव्हीवाला न्यूट्रॉन! पण मग सवयीप्रमाणे पार्श्वभूमीचा रकाना शोधला. वैश्विक किरणांतले वेगवान न्यूट्रॉनही अशीच बेलाची पानं काढतात, आणि ती प्लास्टिकची पट्टी तयार झाल्यापासून साठत जातात; पुसता येत नाहीत. शिवाय इलेक्ट्रोडला चिकटून ठेवलेल्या प्लास्टिकवर रसायनांचेही खड्डे पडतात, असं टीकाकारांनी दाखवलं. बेलाची पानं थोडी, खड्डे हजारो. माझं मन हललं, मत नाही.

आणि आता भाच्याची बातमी. व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले कर्टिस बर्लिंगेट. हे तेच, ज्यांच्या गटानं गूगलच्या पैशानं काही वर्षं शीत संलयन पुन्हा तपासून २०१९मध्ये 'नेचर'मध्ये लिहिलं होतं, की पुरावा सापडला नाही. या वेळी त्यांनी पॅलेडियमच्या चकतीवर एका बाजूनं ड्युटेरियमचे वेगवान कण मारले आणि दुसऱ्या बाजूनं, विजेच्या भांड्यातून, त्याच चकतीत आणखी ड्युटेरियम दाबलं. न्यूट्रॉन मोजले. १५ टक्क्यांनी वाढले. यात थंड असं काही नाही, कण मुद्दाम पळवून मारलेत. जितकी ऊर्जा घातली त्याच्या पासंगालाही बाहेर आली नाही, आणि तसा त्यांचा दावाही नाही. पण न्यूट्रॉन खरे आहेत. करंट बंद केला की कमी होतात, चालू केला की वाढतात. मला विचाराल तर छत्तीस वर्षांतलं हे सगळ्यात नीटनेटकं काम, आणि त्यावर गावगप्पा सगळ्यात कमी.

हे सगळं मी भाच्याला लिहिलं. त्याचं उत्तर आलं, "मावशी, एवढं नको, एका शब्दात सांग. खरं की खोटं?"

मी माळ्यावरून ट्रंक काढली. दिलीपनं मला पुणं सोडताना वही दिली होती. अकराव्या रात्रीचं पान उघडून फोटो काढला आणि पाठवला. ११२, ९५, १३०. पुढे त्याच सुंदर अक्षरात, सकाळी माझ्याकडून ऐकून लिहिलेलं: करंट बंद, १०४. बॅरोमीटरच्या रकान्यात चहाचा डाग.

बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "हे काय? पावसाचे आकडे का?"

हो, म्हटलं, पावसाचेच.